शिंपी परागंदा जाहल्याची बखर

श्री. मेंदीचे कुंपणावरील आणि कुंपणापलीकडील सकळ पाखरे प्रसन्न. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, माघ मास उतरणीस लागला, ते समयी मागील अंगणाचे राज्यात जे वर्तमान घडले ते येथे लिहिले आहे. काही सेवकाने डोळां पाहिले, काही कानी ऐकिले, आणि जे पाहिले नाही की ऐकिले नाही ते उभय पक्षांस चहाचे वेळी पुसोन खातरजमा करोन घेतली. सेवकाचे नाव विचारू नये. सेवक सकाळचा चहा श्रीमंत पद्माकरराव यांचे घरी घेतो आणि संध्याकाळचा चहा शेजारचे गंगाधरपंत यांचे घरी घेतो, दोन्ही घरची साखर पोटात आहे, सबब कोणा एकाची बाजू घेणे परवडत नाही. संध्याकाळचा चहा पातळ असतो, इतके मात्र लिहिणे प्राप्त आहे.

राज्य म्हणावे तर लहान. पूर्वेस पाण्याची टाकी, पश्चिमेस कपडे वाळविण्याची तार, दक्षिणेस स्वयंपाकघराची खिडकी, उत्तरेस मेंदीचे कुंपण, आणि मध्ये जास्वंद, लिंबू, कढीलिंब व वांग्यांचा वाफा. श्रीमंतांनी पाटबंधारे खात्यात मोठी चाकरी केली आणि मग पेन्शन घेऊन घरी दाखल जाहले, तो पाहतात की घरातील मुलूख सर्व बाईसाहेब नलिनीबाई यांचे अमलाखाली आहे, आणि श्रीमंतांनी जेथे बसावे तेथेच नेमका केर काढावयाचा असे. दिवाणखान्यातून उठविले ते ओसरीवर आले, ओसरीवरून उठविले ते अंगणात आले, आणि अंगणातून कोणी उठवीना. तेव्हा बाईसाहेबांनी अंगणाची जहागीर, वांग्यांचा वाफा वगळोन, श्रीमंतांस बहाल केली. वाफा खासगीचा राहिला. मग श्रीमंतांनी एक कॅमेरा आणविला, त्यास दुधी भोपळ्याएवढी नळी बसविली, तिवई उभी केली आणि पाखरांवर मोहीम सुरू केली. तारेवर बाईसाहेबांचे जुने हिरवे लुगडे सोडोन त्याचा डेरा केला, त्यास भोक पाडोन नळी बाहेर काढिली, आणि आत स्टुलावर खासे बसले. दूधवाला पहिले दिवशी ते पाहोन किटली सोडोन पळाला. पाखरेही पळाली, परंतु ती परत आली आणि दूधवाला आता पुढील दाराने येतो.

आरंभी यश थोडे. बुलबुलाचे चित्र काढिले तो आले फांदीचे, दयाळाचे काढिले तो आले शेपटीचे, आणि शिंजीर म्हणोन जे इवले जांभळे पाखरू जास्वंदीतील मध पिते त्याचे काढिले तो नुसती जास्वंद आली, ती मात्र सुरेख आली. एके दिवशी तर खासा भारद्वाज अंगणात उतरला. हे पाखरू दिसणे शुभ, म्हणोन घरातील सर्व मंडळी खिडकीस जमली, बाईसाहेबांनी हात जोडिले, श्रीमंतांनी नळी फिरविली, आणि भारद्वाज चालत चालत मेंदीखालून पलीकडे गेला. पलीकडे गंगाधरपंतांचे राज्य. पंत वकिली सोडोन बसलेले, त्यांजपाशी याहून मोठी नळी, अंगणात पाखरांस पाण्याचे पसरट भांडे व दाण्यांची फळी, आणि मध्यभागी थोरले अंजिराचे झाड. संध्याकाळी पक्षीमित्रांचे ग्रुपवर पंतांनी भारद्वाज झळकाविला, डोळा लालभडक, पीस न् पीस मोजावे असे, आणि खाली लिहिले, ‘आमच्या बागेतला.’ श्रीमंत ते पाहोन लाल जाहले आणि ग्रुपवर लिहिते जाहले की भारद्वाज आमचे अंगणातून चालत तुमचेकडे आला, त्यावर पंतांनी लिहिले की पाखरास सातबारा नसतो, त्यावर सर्व पक्षीमित्रांनी हसरी तोंडे पाठविली, आणि ते दिवसापासोन उभय राज्यांचा व्यवहार बंद पडिला. सेवक मात्र जात येत राहिला, कारण चहाच्या वेळा वेगळ्या.

ऐशा अपयशाचे काळी शिंपी आला. हे अंगठ्याएवढे पाखरू, पाठ हिरवी, माथा तांबूस, शेपूट उभारलेले, आणि आवाज असा की कोणी जाड माणूस बोलत असावा. हे चोचीने पानाचे कडांस भोके पाडिते, त्यात कापूस व कोळ्याचे जाळे यांचा दोरा ओविते, पान दुमडोन पिशवी शिवते आणि आत घरटे करिते. ते जोडपे नेमके बाईसाहेबांचे वांग्याचे एका रुंद पानास लागले. श्रीमंत हर्षभरित जाहले. टाका घालीत असता शिंप्याचे चित्र पंतांपाशी नव्हते, ग्रुपवर कोणापाशीच नव्हते. श्रीमंतांनी निश्चय केला की हे चित्र घ्यावे आणि मग भारद्वाजाचे उट्टे काढावे.

त्याच सुमारास बाईसाहेबांचे भाचीचे लग्न फाल्गुनात ठरले होते. बाईसाहेबांनी आपले मातुश्रींची पैठणी पेटीतून काढिली, तिचे रंगाशी जुळते रेशमी कापड मिळवोन ब्लाऊज शिवावयास बाजारपेठेतील काशिनाथ मास्तर यांजकडे टाकिले, आणि दुसरे दिवशी सकाळी फोडणी देता देता खिडकीतून श्रीमंतांस म्हणाल्या, “अहो, शिंप्याकडे जरा लक्ष ठेवा हं. अर्धं काम टाकून जातात हे लोक.” श्रीमंत डेऱ्यात होते. ते ऐकोन त्यांचे डोळ्यांत पाणी आले. लग्न जाहल्यापासोन आपले कोणतेही शौकाविषयी बाईसाहेबांनी आस्थेने पुसिल्याचे त्यांस स्मरेना, आणि आज आपण होवोन शिंप्याचे नाव घेतले. श्रीमंत म्हणाले, “तुम्ही काळजीच करू नका. मी इथून हलत नाही.” बाईसाहेबांस नवल वाटले की इथून न हलता हे बाजारातील शिंप्याकडे लक्ष कसे ठेवणार, परंतु हल्ली सर्व कामे फोनवर होतात, आणि तितक्यात कुकरची शिटी जाहली.

मग नित्य सकाळी खिडकीतून सवालजबाब होऊ लागले. बाईसाहेब पुसत, शिंपी काय म्हणतो, आणि श्रीमंत सांगत की लागला आहे कामाला, दोन्ही कडा जुळविल्या. टाके कसे आहेत, तर बारीक, बाहेरून दिसतसुद्धा नाहीत. गळा फार मोठा नको म्हणावे, तर नाही, तोंड लहानच ठेविले आहे, वरून ऊन आत यायला नको. बाईसाहेब हसल्या, म्हणाल्या चला, अजून थट्टा सुचते. अस्तर लाविले का, तर आजपासोन अस्तरच चालले आहे, मऊ कापसाचे, चोचीने आणून घालतात. त्यातील ‘चोचीने’ हा शब्द शिटीत गेला. एके दिवशी बाईसाहेबांनी पुसिले, “एकटाच करतो का सगळं?” श्रीमंत म्हणाले, “छे, शिवते ती त्याची बायको. तो नुसता वर बसून ओरडतो.” बाईसाहेब म्हणाल्या, “सगळीकडे तेच.” आणि त्या दिवशी श्रीमंतांस डेऱ्यात दुसरा चहा पोहोचला, जो पूर्वी कधी पोहोचला नव्हता. सेवक तेथे बसला होता, सेवकास दोन्ही शिंपी ठाऊक होते, आणि सेवकाने उलगडा का केला नाही असे कोणी पुसेल तर उत्तर इतकेच की घरात ऐसे गोड बोलणे चालले असता मध्ये तोंड घालणारा मूर्ख.

परंतु चित्र साधेना. शिंपीण टाका घाली ती पानाचे आतील अंगास, आणि ऐन चोचीपुढे वांग्याचे दुसरे पान आडवे येई. नळी इकडे नेली, तिकडे नेली, स्टूल पुढे घेतले, आणखी पुढे घेतले. शिंपी वर बसोन ओरडे, श्रीमंत म्हणत गातो आहे. तो गात नव्हता, दम देत होता, हे सेवकास कळत होते, परंतु श्रीमंत अनुभवी. अखेर एके दिवशी सकाळी जोडपे कापूस आणावयास गेले असता श्रीमंतांनी बाईसाहेबांचे शिवणाचे डब्यातील कात्री आणिली आणि ते आडवे पान देठापाशी कापिले. एकच पान. मग डेऱ्यात येवोन बसले. शिंपीण आली, तारेवर बसली, पाहिले. घरट्यावर लख्ख ऊन पडले होते, आणि टाकीवरचा कावळा मान वाकडी करोन तिकडेच पाहत होता. शिंपिणीने चोचीतील कापूस टाकिला आणि ती गेली. दुसरे दिवशी दोघेही आले नाहीत. तिसरे दिवशीही नाहीत. घरट्यात अंडे पडले नव्हते, इतकेच दैव. शिवलेले पान वाऱ्याने हलत राहिले, आणि श्रीमंत त्याकडे पाहत डेऱ्यात नुसते बसोन राहिले. सेवकास त्यांची फार दया आली, आणि रागही आला.

तो खिडकीतून सवाल आला. लग्न चार दिवसांवर, बाईसाहेबांनी पुसिले शिंप्याचे जाहले का. श्रीमंत म्हणाले, “शिंपी गेला. अर्धवट टाकून गेला सगळं. आता काही येत नाही तो.” बाईसाहेबांनी गॅस बंद केला, पदर खोचिला, चपला घातिल्या, आणि कोणास काही न सांगता स्वारी बाजारपेठेवर चालोन गेली. सेवक मागोमाग धावला. भर दुपारची गर्दी, काशिनाथ मास्तरांचे दुकान सताड उघडे, आणि मास्तर मशिनीवर मान घालोन बसलेले. बाईसाहेब क्रोधे इतक्या भरल्या होत्या की समोर बसलेला मनुष्य पळालेला नाही हे ध्यानी येण्यास अवकाश लागला, आणि तेवढ्या अवकाशात त्या बरेच बोलोन गेल्या. अर्धे काम टाकणारा, पळपुटा, आईच्या पैठणीची लाज घालविणारा, आणि बायको शिवते, हा नुसता ओरडतो, येथवर गेल्या. रस्त्यावरचे लोक थांबले. मास्तरांनी मशीन थांबविली, चष्मा काढिला, कपाट उघडोन घडी घातलेले ब्लाऊज बाहेर ठेविले आणि म्हणाले, “बाई, हे कधीचं तयार आहे. तुमच्याकडून कोणी न्यायलाच येईना. आणि माझी बायको शाळेत शिकवते, तिला सुई धरता येत नाही.” लोक हसले. बाईसाहेब एक क्षण उभ्या राहिल्या. दुसरा कोणी असता तर ब्लाऊज उचलोन निघाला असता, परंतु बाईसाहेबांनी, जितके लोक ऐकत होते त्या सर्वांदेखत, त्याच आवाजात, सांगितले की मास्तर, माझी चूक जाहली, मी न विचारता बोलले, माफ करा. मास्तर ओशाळले आणि त्यांनी चहा मागविला. तो चहा उत्तम होता.

घरी येवोन बाईसाहेब प्रथमच अंगणात डेऱ्यापाशी गेल्या, वांग्याचे शिवलेले पान पाहिले, कापलेला देठ पाहिला, आपली कात्री पाहिली, आणि सर्व उमगले. श्रीमंतांनी खाली पाहोन कबूल केले की पान मी कापिले. बाईसाहेबांनी आवाज चढविला नाही. म्हणाल्या, “मी माझ्या शिंप्याची माफी मागून आले, चारचौघांत. आता तुमच्या शिंप्याचं तुम्ही बघा.” मग घरात गेल्या. श्रीमंतांनी लुगड्याचा डेरा उतरविला, कॅमेरा कपाटात ठेविला, आणि पाखराची माफी कशी मागावी या विचारात पडिले. लग्न यथासांग जाहले, ब्लाऊज अंगास नेमके बसले, सर्वांनी शिंप्याचे कौतुक केले, आणि श्रीमंत मांडवात जिलबी पुढे घेऊन उदास बसले.

मग संवत्सर पालटले. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सर, पाडव्याचे आदले दिवशी सेवक संध्याकाळचे चहास पंतांकडे गेला असता अंजिराचे झाडातून ओळखीचा मोठा आवाज आला. पाहतो तो अंजिराचे खालील फांदीस एक पान शिवलेले, शिंपीण आत चाऱ्याची अळी घेऊन शिरते आहे, आणि आतून अनेक इवल्या चोची एकदम उघडतात. पंतांनी तिवई मांडिली होती. नळीपुढे एक रुंद पान आडवे येत होते. पंत म्हणाले उद्या पाडवा, मुहूर्त उत्तम, उद्या एवढे पान छाटतो आणि चित्र ग्रुपवर टाकतो, बघू तुमचे श्रीमंत काय म्हणतात. सेवकाचा चहा तेथेच राहिला. धावत येवोन श्रीमंतांस वर्दी दिली, आणि मसलतही दिली की उद्या सकाळी पंतांस खोटीच खबर धाडावी की तळ्यावर रोहित पक्ष्यांचा गुलाबी थवा उतरला, पंत तिकडे पळतील, दिवस निघेल. श्रीमंत म्हणाले, दिवस निघेल, पान राहणार नाही. एवढे खरे की शिंपी पंतांचे पदरी गेला हे त्यांस लागले, आणि पंतांनी पान कापिले तर पंतांचेही घरटे जाईल, बरोबरी होईल, हाही विचार त्यांचे मनात येवोन गेला असावा. सेवकाच्या तर आला होता.

पाडव्याचे दिवशी गुढ्या उभारिल्या, आणि श्रीमंत कुंपण वळोन पंतांचे फाटकातून, भारद्वाजाचे तंट्यानंतर प्रथमच, आत शिरले. हाती बाईसाहेबांनी दिलेली श्रीखंडाची वाटी. पंत कात्री घेऊन अंजिराखाली उभे, आणि ते पान बोटांत धरिलेले. श्रीमंत म्हणाले, “पंत, ते पान कापू नका.” पंत हसले, म्हणाले का, तुमचे चित्र मागे पडेल म्हणोन? श्रीमंत म्हणाले, “माझ्याकडे चित्र नाहीच. मीही असंच पान कापलं होतं. म्हणून ती दोघं तुमच्याकडे आली. माझं घरटं तरी रिकामं होतं, ह्यात पिल्लं आहेत.” पंतांनी कात्री तशीच धरोन ठेविली. जुना वकील, हाती आलेला कबुलीजबाब सोडवेना. म्हणाले, “हे ग्रुपवर सांगू का? पद्माकररावांनी घरटं मोडलं म्हणून?” श्रीमंतांचा चेहरा उतरला. ग्रुपवर सारे शहर. तेथे भारद्वाजाचे वेळी हसली ती तोंडे पुन्हा हसणार. परंतु श्रीमंत म्हणाले, “सांगा. नाव घालून सांगा. पण कात्री खाली ठेवा.”

पंतांनी त्यांचेकडे पाहिले, वाटीकडे पाहिले, अंजिराकडे पाहिले, आणि कात्री ओट्यावर ठेविली. मग तिवई मिटोन आत नेली आणि येताना दोन खुर्च्या आणिल्या. ऐसा तह जाहला. कलमे तोंडीच ठरली की पिल्ले उडेतो अंजिराजवळ कोणी नळी नेऊ नये, कावळा आल्यास हाकलण्याचा भार सकाळी श्रीमंतांवर व दुपारी पंतांवर, पंतांचे घरचे मांजर कोंडोन ठेवावे, आणि श्रीखंड दोघांनी खावे. ग्रुपवर पंतांनी त्या दिवशी इतकेच लिहिले की आज अंजिरास पाणी घातले. पक्षीमित्र बुचकळ्यात पडिले. श्रीमंतांनी ते वाचिले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचिले.

मग दोघे रोज पंतांचे ओसरीवर बसू लागले, आणि एक दुर्बीण आळीपाळीने घेऊ लागले, आणि पहिले दोन दिवस तीवरून थोडी झोंबाझोंबी जाहली, मग ती पंतांचे डोळ्यास अधिक वेळ राहू लागली कारण त्यांस मोतीबिंदू, हे श्रीमंतांनी मान्य केले. बाईसाहेबही एकदा येवोन पाहोन गेल्या आणि पंतांचे घरी चहात दूध अधिक घालावे अशी सूचना देवोन गेल्या, तेणेकरोन सेवकाचे फार कल्याण जाहले. एके दिवशी सकाळी पिल्ले पानाचे तोंडाशी आली. एक उडाले ते लिंबावर, दुसरे उडाले ते तारेवर, आणि शेवटचे काठावर बसोन राहिले. शिंपीण समोरचे फांदीवर अळी धरोन हाका मारी, ते हलेना. पंतांचा हात खिशाकडे गेला. खिशात मोबाईल होता. श्रीमंतांनी ते पाहिले. पंतांनी खिशातून रुमाल काढिला आणि उगाच नाक पुसले. तितक्यात पिल्लू उडाले, वेडेवाकडे, मेंदीवरून, आणि कढीलिंबात जावोन बसले. श्रीमंतांनी पंतांचा दंड घट्ट धरिला होता तो सोडावयाचे विसरले.

संध्याकाळी दोघांनी मोठ्या हौसेने ग्रुपवर मजकूर लिहिला. तत्काळ पुसणे आले की फोटो कोठे आहे. नाही म्हणताच कोणी लिहिले हं, कोणी लिहिले असेल असेल, आणि कोणी हसरी तोंडे पाठविली. उभयतां श्रीमंत व पंत प्रथमच एका पक्षास राहोन भांडले, परंतु पुरावा काही दाखविता येईना. तेव्हा दोघांनी सेवकास बोलावोन आज्ञा केली.

येणेप्रमाणे शिंपी अंजिराचे पानातून पिल्ले घेऊन उडाला. दोघांनी पाहिले. चित्र दोघांपैकी एकाजवळही नाही, सबब ही बखर लिहिली.